दोन सीटा, दोन फळ्या

अहो, ब्रेकर तसाच आहे. आधी तेवढं सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिलं तेच विचारलं असतं. शाळेसमोरचा, तुम्ही स्वतःच्या हातानं घातलेला, माझ्या पोटरीएवढा उंच ब्रेकर. त्याचा एक टवकाही निघालेला नाही. आणि गाडी घरीच आहे. कशी राहिली, ते सांगायलाच बसले आहे.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. गॅरेजच्या बाकावर चहा पिता पिता गेलात, अर्धा कप तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय. अख्खं केनवड म्हणालं, गाडी. "त्या लाल गाडीनंच खाल्लं मिस्त्रीले," असं बायका माझ्यासमोर बसून म्हणत होत्या, मी बहिरी असल्यासारखं. त्या दिवशी तर तुम्ही गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा पंप खोलून बसला होतात. ट्रॅक्टरनं खाल्लं, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

मी रडले नाही असं नाही. खूप रडले. पण मधूनमधून मला राग येत होता, आणि तो रडण्यापेक्षा जास्त वेळ टिकत होता. लोक तुमच्याबद्दल असे बोलत होते, जणू तुम्हाला गाडीचं व्यसन होतं आणि शेवटी त्यातच गेलात. मला ओरडून सांगावंसं वाटलं की या माणसानं पस्तीस वर्षं एक गोष्ट मागितली आणि ती मिळवली. तुमच्यापैकी कोणी मिळवली आहे?

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला ती गोष्ट सांगितली होती. नवी नवरी मी, मला वाटलं नवरा काहीतरी गोड बोलेल. तुम्ही सांगत बसलात की विशीत असताना तुम्ही दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होता, आणि हायवेवर, पुलाच्या अलीकडे, एक लाल गाडी बंद पडलेली दिसली. दोनच सीटांची, वर कापडी टप. नागपूरकडून कुणीतरी मोठा माणूस येत होता. तुम्ही ती गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून वाशिमकडच्या मालेगावपर्यंत ओढत नेली. तिथे तो माणूस पैसे द्यायला लागला, तर तुम्ही म्हणालात, "पैसे नोको साहेब, मले एकडाव बसू द्या." आणि बसलात. इंजिन बंद, गाडी उभी, आणि तुम्ही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"रस्ता असा पोटाखालून जाते," तुम्ही मला म्हणालात. गाडी तर उभी होती! मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "उभी असून असं वाटे, मंग चालते तवा कसं वाटत असन?" तेव्हाच माझ्या लक्षात आलं की या घरात मी एकटी आलेले नाही, ती माझ्या आधीपासून आहे.

मग जीप आली, रिसोड-वाशिमची काळीपिवळी. किती वर्षं चालवलीत! आत चौदा आणि मागे लटकलेले वेगळे. आणि एक दिवस शाळेसमोर एक पोट्टी अचानक आडवी पळाली. तुम्ही ब्रेक मारला. तिच्या दप्तराला बंपर लागला आणि ती पडली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. तिच्या आईनं तुम्हाला चहासुद्धा पाजला. पण तुम्ही घरी आलात आणि आपल्या न्हाणीसाठी आणून ठेवलेलं सिमेंट सायकलवर टाकून घेऊन गेलात. रविवारी दिवसभर बसून एकट्यानं ब्रेकर घातलात. न्हाणी वर्षभर तशीच राहिली. मी वर्षभर साडीचा आडोसा बांधून अंघोळ केली, हे तुम्हाला मी शेवटपर्यंत ऐकवलं.

जीपवाल्यांनी तुम्हाला काय कमी शिव्या घातल्या? स्वतः जीपवाला असून एवढा उंच ब्रेकर! तुम्ही म्हणायचे, "जोरात जाता आलं नाही पाह्यजे, म्हनूनच घातला." कुणाशी भांडला नाहीत, फक्त तो वाळेपर्यंत तिथून हलला नाहीत.

आपल्याला मूल झालं नाही. हे मी इथे लिहिते आहे, कारण लोकांनी त्याची आणि गाडीची सांगड घातली आणि ती मला कधीच मान्य नव्हती. "पोर नाही ना, म्हनून गाडी," असं म्हणायचे. ती गाडी तुमच्या मनात मी यायच्या आधीपासून होती. तुम्हाला पोरं असती तर तुम्ही त्यांनाही त्या गाडीचे नट पकडायला बसवलं असतं. ब्रेकर तुम्ही लोकांच्या पोरांसाठी घातला आणि गाडी स्वतःसाठी आणली. दोन्हींत कसलीही भरपाई नव्हती. हे मला एकदा ठणकावून सांगायचं होतं, ते आज सांगितलं.

गाडी आली ती ट्रकवर निजून आली. तीच नव्हे, तिच्याच जातीची, पुण्यातल्या कुठल्याशा भंगाराच्या आवारात वर्षानुवर्षं उभी होती. इंजिन जाम, एक दरवाजा चेपलेला, टपाचं कापड उंदरांनी खाल्लेलं. ट्रकवरून उतरवली तेव्हा गाव जमलं, आणि कुणीतरी म्हणालं, "हे त घोरपड हाय!" झालं, तेव्हापासून तिचं नाव घोरपड पडलं. तुम्ही हसलात. मी नाही हसले. मी तिच्याकडे पाहून विचारलं होतं, "हे चालन?" तुम्ही म्हणालात, "न चालाले काय झालं?"

साडेचार वर्षं लागली. जीप सोडून तुम्ही गॅरेज टाकलं होतं, तिथे लोकांचे ट्रॅक्टर, फटफट्या आणि पंप दिवसभर, आणि उरलेल्या वेळात ती. एक पाइप मिळेना म्हणून तुम्ही फवारणीच्या पंपाची नळी लावलीत. टप मी शिवला, माझ्याच मशीनवर, आणि चार सुया मोडल्या. ज्या दिवशी इंजिन लागलं, त्या दिवशी तुम्ही मला हाक मारली नाहीत. मी आवाजानंच बाहेर आले. तुम्ही बाजूला उभे राहून, डोळे मिटून ऐकत होता.

वाशिमला जाऊन कागद झाले, पासिंग झालं, आणि मग गावातून पहिली फेरी काढायचा दिवस ठरला. शेजारच्या आत्याबाई चाकाखाली ठेवायला चार लिंबं घेऊन आल्या. तुम्ही म्हणालात, "आपल्यात कुठं असते हे? सरबत करा त्याचं." लोक हसले. मी शेजारी बसले, डोक्यावर ओढणी बांधून, सगळं गाव बघतंय म्हणून मान खाली घालून. गाडी गल्लीतून निघाली, शाळेपर्यंत आली, आणि ब्रेकरवर चढली.

चढली आणि बसली. पोट टेकून. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मध्ये ब्रेकर. साडेचार वर्षं तुम्ही तिचा एकेक नट तपासला, ब्रेक चार वेळा खोलले, पण तुम्ही स्वतः घातलेला ब्रेकर तुमच्या डोक्यात एकदाही आला नाही! आठ माणसांनी उचलून काढली. आत्याबाई मागून ओरडल्या, "लिंबू ठेवलं असतं त असं झालं नसतं!"

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणाले, "तुमीच घातला ना, तुमीच फोडा." तुम्ही म्हणालात, "पोट्टे शाळेत जातेच ना अजून." मी म्हणाले, अर्धा तरी छाटा. तुम्ही म्हणालात, अर्ध्यानं कुणी थांबत नाही. मी म्हणाले, "आता लोकं हसतेत आपल्याले." तुम्ही म्हणालात, "हसू दे. हसाले तरी थांबतेत." आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या दोन फळ्या काढल्या, गाडी उंचावरून जावी म्हणून खाली ठोकळे मारले, आणि माझ्यापुढे ठेवल्या.

तेव्हापासून तीन वर्षं माझं काम तेच. गाडीत दोनच सीटा, मागे जागा नाही. म्हणून फळ्या माझ्या मांडीवर, एक टोक पायाशी आणि दुसरं टपाबाहेर. ब्रेकर आला की मी उतरायची, दोन्ही चाकांच्या ओळीत फळ्या लावायची, आणि पुढे उभी राहून हात दाखवायची, "येऊ द्या, येऊ द्या, डावं सांभाळा, बस." गाडी पलीकडे गेली की तुम्ही दर वेळी आतून ओरडायचे, "फळ्या!" जणू मी त्या विसरणार होते. एकदाही विसरले नाही. पहिल्यांदा लाज वाटली. मग शाळेची पोरं खिडकीत येऊन माझ्यासोबत ओरडायला लागली, "डावं सांभाळा!" मग लाज गेली.

समृद्धी महामार्गावर गेलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल, म्हणजे असता तर आठवला असता. शेलूबाजारकडून चढलो. असा रस्ता तुम्ही आयुष्यभर मागितला होता. सपाट, रुंद, एकही ब्रेकर नाही. मी ओढणीची गाठ घट्ट केली, देवाचं नाव घेत नाही तरी डोळे मिटले. बराच वेळ झाला, काही होईना. डोळे उघडून बघते तर काटा ऐंशीवर. शेजारून संत्र्यांचा ट्रक पुढे गेला. मग एक दुसरा ट्रक पुढे गेला, त्यातला क्लीनर आपल्याकडे बघून हसला. मी म्हणाले, "काहून हो, जोरात घ्या ना! आता कायले भेता?" तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "जोरात घेतला त संपून जाईन ना रस्ता."

बोलायला हवं होतं. मला तेव्हा म्हणायचं होतं की तुमच्याशी लग्न केलं ते बरं झालं. मी विचारलं, "भजे खाचे का?"

त्याच दिवशी येताना तुम्ही गाडी बाजूला घेतली आणि म्हणालात, तू चालव. जीप मला येत होती, ई-क्लासच्या मोकळ्या सरकारी माळावर तुम्हीच शिकवली होती, लायसनही तुम्हीच काढून दिलं होतं. मी म्हणाले, "ब्रेकर छाटाल त्या दिवशी चालवीन." तुम्ही म्हणालात, "तुले येते. तू हट्टी हायेस, बस." त्यानंतरही किती वेळा विचारलंत! मी दर वेळी तेच उत्तर दिलं. शेवटचं विचारलंत ते गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात. मला जी गोष्ट सलते आहे, ती हीच. तुम्ही मला शेजारच्या सीटवर बसून बघणार होता, आणि मी ते तुम्हाला दिलं नाही. हट्टापायी.

आता पुढचं ऐका. पुण्यानुमोदन झालं. विहारात सगळे जमले, पंचशील झालं, लोक बरं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे धाकटे भाऊ, प्रकाश भाऊजी, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "वयनी, गाडीले गिराईक पाह्यलं. अकोल्याचा हाय. आजच नेते."

मी म्हणाले, "कोनाले इचारलं?"

"इचाराचं काय त्यात? तुमाले थे चालवता येत नाही. मी त बसनार नाही तिच्यात. ठेवून काय कराची? दिसली की दादाच दिसते मले." एवढं बोलून ते रडायला लागले. म्हणून मी त्यांच्यावर ओरडू शकले नाही. वाईट माणूस नाही तो, तुम्हाला माहीत आहे. पण रडणाऱ्या माणसालाही चूक करता येते.

बाहेर आले तर चौकात गर्दी. गिऱ्हाईकाचा ट्रक हायवेवर उभा, गल्लीत शिरत नव्हता. गाडी तिथपर्यंत न्यायची, आणि मध्ये तुमचा ब्रेकर. भाऊजींना फळ्यांचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी दोन माणसं बोलावली होती, घण आणि सब्बल घेऊन. ब्रेकर फोडायला.

बघा कशी गंमत! तीन वर्षं मी तुमच्यामागे लागले होते, फोडा म्हणून. आता फोडायला माणसं आली होती, पहिला घण उचललेला होता, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "हात लावू नका. पोट्टे शाळेत जातेच ना अजून." तुमचं वाक्य. अगदी तुमच्या आवाजात. घणवाला माझ्याकडे बघतच राहिला, आणि मी ब्रेकरवर जाऊन उभी राहिले.

भाऊजी म्हणाले, "मंग गाडी कशी नेता?"

मी म्हणाले, "मी नेतो."

त्यांना वाटलं, वहिनी कबूल झाली. मी घरात गेले, किल्ली घेतली, फळ्या शेजारच्या सीटवर ठेवल्या. माझ्या सीटवर. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "माय वं, मानूस जाऊन महिना झाला नाही अन् हे लाल गाडीत बसून राह्यली!" मी म्हणाले, "गाडीचा रंग त्याईनंच लावला, आत्याबाई. मी पांढरा लावू का?" आणि क्लच दाबला.

येतं मला. तुम्ही बरोबर होता. तिचा क्लच जीपपेक्षा कितीतरी हलका आहे, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. ब्रेकरशी आले, उतरले, फळ्या लावल्या, परत चढले. पुढे उभं राहून हात दाखवायला कुणी नव्हतं. मी स्वतःशीच म्हणत गेले, येऊ द्या, येऊ द्या, डावं सांभाळा. पोट टेकलं नाही. खिडकीतल्या पोरांनी जो काय गलका केला! मी हायवेला लागले, ट्रकपाशी आले. गिऱ्हाईक हात दाखवून थांबा म्हणत होता, ट्रकचं फाळकं उघडून ठेवलेलं होतं.

मी थांबले नाही. सरळ पुढे गेले. मालेगावच्या रस्त्यानं, पुलाच्या अलीकडे तुम्हाला ती पहिली दिसली होती तिथपर्यंत, आणि तिच्याही पुढे. आणि एक सांगू? मी तुमच्यासारखी ऐंशीवर नाही नेली. काटा ऐंशीच्या पुढे गेला, शंभराच्याही जवळ गेला. रस्ता संपला तर संपला, वळून पुन्हा त्याच रस्त्यानं येता येतं, हे तुम्हाला कसं सुचलं नाही? ओढणी उडाली, कुठे गेली माहीत नाही. मी ओरडत होते, आणि रडत होते, आणि खरंच हो, रस्ता पोटाखालून जातो.

परत फिरले तेव्हा शेजारी बघितलं तर सीट रिकामी. फळ्या! तीन वर्षांत एकदाही विसरले नव्हते, आणि आज आठवण करून द्यायला शेजारी कुणी नव्हतं म्हणून त्या ब्रेकरवरच राहिल्या होत्या.

गावात आले तर ब्रेकरवर प्रकाश भाऊजी उभे. दोन्ही हात पसरून. एक काळीपिवळीवाला फळ्यांवरून भरधाव काढायला बघत होता, आणि शाळेची सुटी झालेली, पोरं रस्त्यावर. भाऊजी त्याच्यावर ओरडत होते, "थांब ना बे! फळ्या जोरात जाले नाही ठेवल्या!" जीपवाला मुकाट्यानं मागे झाला. मग भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ट्रक निघून गेला होता. मला वाटलं, आता हे मला बोलणार.

ते फळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि हात दाखवायला लागले. "या वयनी. येऊ द्या. येऊ द्या. डावं सांभाळा. बस."

पलीकडे आले आणि मी आतून ओरडले, "फळ्या!" त्यांनी उचलल्या, आणि कुठे ठेवाव्या ते कळेना म्हणून उभे राहिले. मी दार उघडलं. कधी बसणार नाही म्हणणारा माणूस बसला, मांडीवर फळ्या घेऊन. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "लय जड हायेत हो ह्या." मी म्हणाले, "तीन वर्सं वागवल्या मी."

तर गाडी घरी आहे. कुणाला द्यायची नाही. टप एका बाजूनं उसवला आहे, तो मी उद्या शिवायला घेते. ब्रेकरही राहील, मी आहे तोवर त्याला कुणी सब्बल लावून दाखवावी. तुमच्या बाजूनं उभी राहिले म्हणून मी हरले असं मात्र समजू नका. माझं म्हणणं कायम आहे. आयुष्यभर आपल्या भांडणात मला शेवटचा शब्द हवा असायचा आणि तुम्ही तो मला कधी मिळू दिला नाहीत. आता मिळाला आहे, तर नकोसा झाला आहे. म्हणून पुन्हा सांगते, पोरं शाळेत जातात हे खरं, जोरात जाता येऊ नये हेही खरं, पण तो ब्रेकर दोन बोटं जास्तच उंच झाला आहे.

बोला.